सपोर्टमध्ये अडकल्यासारखं वाटतंय? पुढच्या वाटांची तुलना

मी साडेसहा वर्षं आयटी सपोर्टमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवणाऱ्या सर्व्हिस डेस्कवर होते. एके दिवशी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागत नसल्याचं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, उचललं, नॉलेज बेसमध्ये (आधीच्या उपायांच्या संग्रहात) शोधलं आणि पहिलाच लेख उघडला. मशीनची ओळख पटवणारं नवीन डिजिटल सर्टिफिकेट आलं तरी जुनं मशीनवर तसंच राहतं, व्हीपीएन नेमकं जुनं उचलतं, ते काढून टाका. चार पायऱ्या, स्क्रीनशॉटसकट. तिकीट पाच मिनिटांत क्लोज झालं. मग लेखाखालचं नाव दिसलं. माझंच होतं, आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षं तेच बिघडत होतं आणि मी व माझे सहकारी त्याच चार पायऱ्यांनी ते नीट करत होतो.

पुढे कुठे जायचं याचा विचार मी तेव्हापासून सुरू केला, पण पहिले कित्येक महिने कशाला मागणी आहे, कोणतं सर्टिफिकेट लवकर होतं, एवढंच बघत बसले. त्यातून काही ठरेना. शेवटी कामातलीच एक जुनी फोड उपयोगी पडली. सपोर्टवाल्यांना आयटीआयएल, म्हणजे आयटी सेवा चालवायची रीतसर पद्धत, माहीत असतंच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात ही पद्धत आकाराला आली, आणि त्यात इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. इन्सिडेंट म्हणजे सेवा बंद पडणं, तिथे काम ती लवकरात लवकर पुन्हा सुरू करायचं. प्रॉब्लेम म्हणजे ती ज्यामुळे बंद पडली ते कारण, तिथे काम ते शोधून काढायचं. सर्व्हिस डेस्कवर आपण कायम पहिल्या बाजूला बसलेलो असतो. कारण डोळ्यांना दिसतं, पण त्याला हात लावायचे अधिकार आपल्याकडे नसतात. माझ्या मते सपोर्टमधलं अडकलेपण बहुतेक वेळा इथून येतं. म्हणून खाली प्रत्येक वाटेला मी एकच प्रश्न आधी विचारला आहे: या कामात कारणापर्यंत हात पोचतो का? मग तयारीला किती वेळ लागतो, रात्रपाळी आणि फोन किती, आणि सपोर्टमधलं किती सोबत नेता येतं.

आधी बघा, अडकलंय नेमकं काय

कधी काम अडकलेलं असतं, कधी फक्त ती जागा, आणि कधी अंग थकलेलं असतं. तिन्ही वेळा मनात येणारं वाक्य एकच, 'आता हे नको'. म्हणून फसायला होतं.

स्वतः क्लोज केलेली शेवटची शंभर तिकिटं काढा. अर्धा दिवस जाईल, पण जाऊ द्या. कोणती सोडवताना वेळेचं भान राहिलं नव्हतं, कोणती उघडताच कंटाळा आला, आणि कोणत्या वेळी तिकीट सोपं असूनही समोरच्या माणसाचा आवाज नकोसा झाला, अशा तीन ढिगांत वाटा. पहिला ढीग अगदीच छोटा नसेल तर आयटी सोडायची घाई करू नका, त्या ढिगात काय आहे यावरून वाट निवडा. दुसरा मोठा असेल तर काम बदलायची वेळ झाली आहे. तिसरा मोठा असेल तर थांबा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. हा आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण नीट हाताळला गेला नाही त्याचा तो परिणाम मानला आहे. त्या अवस्थेत नवीन क्षेत्राचा अभ्यास रात्री जागून सुरू केला तर तो आठवडाभरातच बंद पडतो, आणि मग 'मला जमतच नाही' हा शिक्का आपण स्वतःवर मारून घेतो. मी हे करून बसले आहे. आधी शिफ्ट बदलून मागा, रजा घ्या, फोनऐवजी चॅट किंवा ईमेलचा क्यू (तिकिटांची रांग) मिळतो का बघा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तिकिटं वाटा.

रात्रपाळीचा मुद्दा इथेच सांगते, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबद्दल तेच मत कायम ठेवलं. रोस्टर हा नोकरीतला किरकोळ तपशील नाही. नवीन काम निवडताना तो पगाराच्या बरोबरीने तोलायला हवा.

जवळची वाट: सिस्टिम ॲडमिन, एंडपॉइंट, क्लाउड

बहुतेकांनी आधी हीच वाट तपासावी असं मला वाटतं, आणि नेमकी हीच मागे पडते. ती फार जवळची दिसते, त्यामुळे 'करिअर बदललं' असं वाटत नाही. पण रोजच्या कामाच्या दृष्टीने फरक मोठा आहे.

कुणाचा नेटवर्क ड्राइव्ह गायब झाला तर सपोर्टमध्ये आपण रिमोट घेऊन तो परत जोडून देतो. एंडपॉइंट टीममधला, म्हणजे सगळ्यांच्या लॅपटॉप-डेस्कटॉपची व्यवस्था बघणारा माणूस तो ड्राइव्ह ज्या ग्रुप पॉलिसीतून (अनेक मशीनना एकदम लागू होणाऱ्या नियमांतून) येतो ती कुणाला लागू आहे आणि हा युजर तिच्यातून का निसटला हे बघतो. एकदा दुरुस्त केलं की तशी तिकिटं यायची थांबतात. इन्ट्यून, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, पॅचिंग, सॉफ्टवेअर पॅकेजिंग ही मशीन आणि खाती सांभाळायच्या साधनांची, कामांची सगळी नावं तुमच्या कानावरची आहेत. फक्त कन्सोल दुसऱ्या बाजूने उघडायचा असतो. त्यासाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते स्क्रिप्टिंग, म्हणजे काम आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या लिहिणं. त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल २००६ मध्ये आलं आणि २०१६ पासून ते मुक्तस्रोत असून लिनक्सवरही चालतं. शंभर मशीनवर हाताने करायचं काम वीस ओळींत बसवता आलं की मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी मिळतं.

माझ्या त्या व्हीपीएनच्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगते. एंडपॉइंट टीममध्ये गेल्यावर चौथ्या महिन्यात मी व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्ये कोणतं सर्टिफिकेट उचलायचं याची अट घातली. आधी दहा मशीनवर, मग एका विभागात, मग सगळीकडे. तो लेख आता नॉलेज बेसमधून काढलेला आहे.

या वाटेची जोखीमही तेवढीच खरी आहे. सपोर्टमध्ये आपली चूक एका मशीनपुरती असते, इथे ती एकदम सगळीकडे जाते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं. पण तोवर ज्या अडकल्या होत्या त्यांतल्या असंख्य मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून त्यातली फाइल हाताने काढावी लागली, आणि जिथे बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) होतं तिथे आधी प्रत्येक मशीनची रिकव्हरी की शोधावी लागली. ते काम कुणी केलं हे सपोर्टवाल्यांना सांगायला नको. ज्याने असे दिवस क्यूच्या बाजूने काढले आहेत तो बदल एकदम सगळ्यांवर सोडत नाही, आधी थोड्यांवर सोडून बघतो. सपोर्टमधून आलेल्या ॲडमिनची ही सवय मला फार मोलाची वाटते.

वेळ: नोकरी सांभाळून सहा महिने ते वर्ष, हा माझा आणि माझ्या आसपासच्यांचा अनुभव. फोन जवळजवळ संपतो. त्याच्या जागी ऑन-कॉल (पाळी नसतानाही गरज पडली तर हजर होणं) आणि शनिवार-रविवारच्या चेंज विंडो (बदल करायच्या ठरलेल्या वेळा) येतात.

याच वाटेवर थोडं पुढे डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं आणि चालवणं एकत्र आणणारी पद्धत) आणि एसआरई (मोठ्या सेवा अखंड चालू ठेवायचं इंजिनिअरिंग) लागतात. डेव्हऑप्स हा शब्द २००९ मध्ये पॅट्रिक डेब्वा यांनी भरवलेल्या परिषदेतून रूढ झाला, तर एसआरई ही कल्पना गुगलमध्ये २००३ च्या सुमारास आली. एसआरईमधला एक नियम मला मनापासून आवडतो: हाताने करायच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामावर निम्म्यापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये, उरलेला वेळ ते कामच उरू नये यासाठी. म्हणजे कारणाच्या बाजूला बसणं तिथे नियमातच लिहिलेलं आहे. मात्र एल१ वरून, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पातळीवरून, थेट तिथे उडी क्वचितच बसते. मधे लिनक्स, नेटवर्कची पक्की समज आणि निदान एक भाषा लागते. तीन वर्षांचा पल्ला धरून चला.

सिक्युरिटी: नावापेक्षा आतलं काम बघा

सपोर्टमध्ये कंटाळलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात आज सिक्युरिटी असते. म्हणूनच इथे जरा थांबते.

या क्षेत्रात शिरायचं सगळ्यात सांगितलं जाणारं दार म्हणजे एसओसीमधलं, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातलं, एल१ ॲनालिस्टचं काम. ते कसं असतं? समोर अलर्टचा क्यू. एक उचलायचा, खरा की खोटा ठरवायचा, ठरावीक वेळेत नोंद करायची, गरज वाटली तर वर पाठवायचा. बरेच अलर्ट खोटे निघतात. काम चोवीस तास चालतं, म्हणजे रोस्टर आलाच. आता हे वर्णन सर्व्हिस डेस्कशी ताडून बघा. तिकिटाच्या जागी अलर्ट आला, एवढाच मुख्य फरक. आणि कारणापर्यंत हात? तो वरच्या टप्प्यांवर, म्हणजे डिटेक्शनचे नियम लिहिणाऱ्यांकडे किंवा इन्सिडेंट रिस्पॉन्सवाल्यांकडे असतो. ज्याला क्यूचाच कंटाळा आला आहे त्याने फक्त नावाच्या ओढीने इथे येऊ नये. ज्याला मात्र पहिल्या ढिगात फिशिंगची, संशयास्पद लॉगिनची तिकिटं सापडली आणि ती सोडवताना जेवणाची वेळ टळून गेली, त्याने जरूर यावं. वर्ष-दोन वर्षं एसओसी सहन करून तो पुढे सरकेल.

सपोर्टवाल्यासाठी सिक्युरिटीचं याहून चांगलं दार मला ॲक्सेस मॅनेजमेंटचं वाटतं. नवीन माणसाला खातं देणं, विभाग बदलला की अधिकार बदलणं, सोडून गेला की सगळं बंद करणं, एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावून देणं, हे आपण वर्षानुवर्षं करतो. सोडून गेलेल्या माणसाचं खातं महिनाभर उघडं कसं राहतं, एमएफएला लोक का वैतागतात, हे ऑडिटरपेक्षा आपल्याला आधी कळतं. तेच काम नियम ठरवणाऱ्याच्या खुर्चीवरून केलं की ते सिक्युरिटीचं काम होतं. बहुतेक वेळा पाळी दिवसाची, फोन कमी आणि कारणाला थेट हात. यावर बोलणारे कमी आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं.

सर्टिफिकेटबद्दल एक इशारा. सुरुवातीला सिक्युरिटी प्लस हे प्राथमिक सर्टिफिकेट पुरतं. सीआयएसएसपी हे अनुभवी लोकांसाठीचं सर्टिफिकेट, ती पहिली पायरी नव्हे: पूर्ण प्रमाणपत्रासाठी त्यातल्या आठपैकी निदान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवी किंवा मान्य सर्टिफिकेट असेल तर एक वर्ष कमी. परीक्षा आधी देता येते, पण तेव्हा असोसिएट म्हणूनच राहावं लागतं. पहिल्या वर्षातच त्याच्या मागे लागून खचलेली माणसं मी पाहिली आहेत.

नेटवर्क

नेटवर्कबद्दल थोडक्यात सांगते. ट्रबलशूटिंगची शिस्त जशीच्या तशी कामी येते, आणि सिस्कोचं सीसीएनए हे नेटवर्कचं सर्टिफिकेट २०२० पासून एकाच परीक्षेचं झाल्यामुळे वाट सरळ आहे. मोठे बदल रात्रीच होतात. ज्याला केबलपासून राउटिंग टेबलपर्यंत एकेक थर सोलत जायला आवडतं त्याने यावं. बाकीच्यांना सबनेटिंगच्या (नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याच्या) अभ्यासाच्या दुसऱ्या आठवड्यातच आपलं उत्तर मिळतं.

डेव्हलपमेंट की टेस्टिंग

'कोडिंग शिकून घे' हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो. कारणापर्यंत हात पोचण्याच्या बाबतीत डेव्हलपमेंटइतकं दुसरं काही नाही, कारण कारण तिथेच जन्माला येतं. पण इतर सगळ्या वाटांपेक्षा सपोर्टमधलं इथे कमी सोबत येतं. लॉग वाचता येणं, चूक पुन्हा घडवून दाखवता येणं, युजर काय करतो याची जाण, एवढं येतं. डेटा स्ट्रक्चर, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), चाचण्या, दुसऱ्याचा कोड वाचणं हे सगळं नव्याने शिकायचं. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर दीड-दोन वर्षं धरा. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सोपा कोड लिहून देणारी साधनं सगळ्यांच्या हातात आहेत. त्यामुळे नुसतं 'कोड लिहिता येतो' म्हणून नव्या माणसाला घेतलं जाईल यावर मी विसंबून राहणार नाही. तुमच्याच क्यूमधलं एखादं खरं दुखणं सोडवणारं छोटं साधन दाखवता आलं, तर ते कोर्सच्या शेवटी केलेल्या नमुना प्रकल्पापेक्षा वजनदार ठरतं.

एक कसोटी आहे. स्क्रिप्ट चालली नाही की तुम्हाला ती पूर्ण करायची असते, की फक्त काम उरकायचं असतं? दोन्ही उत्तरं ठीक आहेत, पण दुसरं उत्तर देणाऱ्याने डेव्हलपरऐवजी ॲडमिन व्हावं.

टेस्टिंग हा मधला पर्याय. तुम्ही एखाद्या प्रॉडक्टच्या सपोर्टमध्ये असाल तर तो फारच नैसर्गिक आहे: ग्राहकाच्या हाती ते कुठे मोडतं हे तुम्हाला पाठ असतं, आणि 'काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं' असा बग लिहायची सवयही असते. नुसत्या हाताने करायच्या टेस्टिंगवर मात्र थांबू नका. ऑटोमेशन शिकायची तयारी असेल तरच या वाटेला लागा.

माणसांच्या बाजूच्या वाटा

आतापर्यंत मी सगळं यंत्राच्या बाजूने लिहिलं. पण काही जणांच्या पहिल्या ढिगात वेगळीच तिकिटं निघतात. बिघाड साधा असतो, आणि समोरचा माणूस घाबरलेला, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा असलेला. 'आलं, आलं!' हे त्याचे दोन शब्द ज्यांना दिवसभर पुरतात, त्यांनी ॲडमिन होऊन सर्व्हरच्या सोबतीला जाऊ नये. त्यांना तिथे एकटं वाटतं. माझ्या एका सहकाऱ्याला वाटलं, आणि वर्षभरात तो प्रशिक्षणाकडे वळला. आता नवीन प्रणाली आली की ती लोकांना शिकवतो.

प्रशिक्षण, टेक्निकल रायटिंग, बिझनेस ॲनालिसिस, कस्टमर सक्सेस अशा या वाटा आहेत. रायटिंगसाठी नॉलेज बेसमधले तुमचे लेखच नमुना म्हणून कामी येतात, अंतर्गत माहिती आणि नावं काढून ते नव्याने लिहा, मालकाची परवानगी लागत असेल तर घ्या. ॲनालिस्टच्या कामात तर कारणाच्याही आधीच्या जागी हात पोचतो, कारण गरज नीट समजून घेतली तर अर्धी तिकिटं जन्मालाच येत नाहीत. कस्टमर सक्सेसबाबत मात्र एक गोष्ट आधीच विचारून घ्या: करार नूतनीकरणाचं टार्गेट त्या पदावर आहे का? अनेक ठिकाणी असतं, आणि मग ते काम मदतीपेक्षा विक्रीच्या जवळ जातं. ते आवडणारेही असतात. कळलं पाहिजे एवढंच.

टीम लीड होणं

बऱ्याच ठिकाणी समोर ठेवली जाणारी बढती ही एकच असते, म्हणून लोक ती घेतात. काम पूर्ण वेगळं आहे: रोस्टर, एसएलए (ठरलेल्या वेळेत सेवा द्यायचा करार), एस्कलेशन (न सुटलेली तक्रार वर नेणं), आणि दहा जणांच्या थकव्याची जबाबदारी. क्यू सुटत नाही, तो फक्त दुसऱ्यांच्या नावाने समोर राहतो. पण चांगला लीड एक गोष्ट करू शकतो जी बाकी कुणी करत नाही. तीच ती तिकिटं मोजून, एकत्र बांधून, प्रॉब्लेम म्हणून वरच्या टीमपुढे ठेवणं आणि उत्तर मिळेपर्यंत न हटणं. ते करायची इच्छा आणि चिकाटी असेल तर हे पद घ्या. फक्त फोनपासून सुटका म्हणून घेणार असाल तर नको.

नोकरी न सोडता सहा आठवडे

दोन वाटांमध्ये अडकला असाल तर निर्णय आज घेऊ नका. वारंवार येणारं एक तिकीट निवडा आणि सहा आठवड्यांत त्याच्या कारणापर्यंत जायचा प्रयत्न करा. ज्या टीमकडे ते कारण आहे तिथल्या माणसाला भेटा, फक्त बघण्यापुरता ॲक्सेस मागा, त्यांच्या एखाद्या चेंजच्या वेळी शेजारी बसू द्या म्हणा. बहुतेक लोक हो म्हणतात, कारण त्यांच्याकडे असं विचारायला फारसं कुणी येत नाही. त्या टीमचं कंटाळवाणं कामही तेव्हाच दिसतं: मंजुऱ्या, बैठका, कागदपत्रं. तेवढं पाहूनही जावंसं वाटलं तर वाट तुमची. शिवाय बाहेरच्या उमेदवारापेक्षा तुम्ही आत ओळखीचे झालेले असता. मला जागा अशीच मिळाली.

पैसे सर्टिफिकेटवर घालण्याआधी त्याची मुदत बघा. सीसीएनए, सिक्युरिटी प्लस आणि रेड हॅटचं लिनक्स ॲडमिनसाठीचं आरएचसीएसए तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची ॲडमिन पातळीवरची दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागतात, पण ती चाचणी ऑनलाइन आणि मोफत असते. आरएचसीएसएमध्ये पर्याय निवडायचे नसतात, चालू सिस्टिमवर काम करून दाखवायचं असतं. अभ्यास पाठांतरावर जातोय असं वाटत असेल तर ती परीक्षा निवडा.

बायोडेटात 'दिवसाला चाळीस तिकिटं' हा आकडा खाली ठेवा. 'या प्रकारची तिकिटं यायची थांबली, कारण मी हे शोधलं आणि अमुक टीमबरोबर हे बदललं' असं एक जरी वाक्य लिहिता आलं तर ते सगळ्यात वर ठेवा. मुलाखतीत प्रश्न विचारायची पाळी आली की समोरच्यांना विचारा: गेल्या तीन महिन्यांत तुमच्या टीमने कायमचं संपवलेलं एक दुखणं कोणतं? कुणी उत्साहाने सांगायला लागलं, मधे दुसऱ्याने दुरुस्ती केली, तर तिथे कारणाला हात लावणारी माणसं बसली आहेत. उत्तरात फक्त किती तिकिटं किती वेळात क्लोज होतात याचे आकडे आले, तर पदाचं नाव काहीही असो, ती जागा तुम्ही आत्ता बसला आहात तीच आहे.